मालखान्यात पडलेला नकाशा

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि राग फक्त दुसऱ्यांचा येत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी पांढरकवड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सरकारी माती-पाणी संशोधन केंद्राचे प्रमुख मोटारीतून उतरले ते तणतणतच. केंद्राच्या ग्रंथालयातून गोपनीय अहवाल चोरीला गेला, अशी फिर्याद.

"रजिस्टरातला नंबर सांगा," मी म्हणालो.

"नंबर नाही. नंबर छापील पुस्तकांना असतो. हा टाइप केलेला, अप्रकाशित अहवाल आहे."

"मग गेला हे कसं कळलं?"

कोलामांच्या एका वस्तीवरून, म्हणजे पोडावरून, कलेक्टर कचेरीत अर्ज गेला होता. सरकारी विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड आहे, हाडं वाकतात, दुसरी विहीर द्या. अर्जात अहवालातलं वाक्य जसंच्या तसं होतं. माणसांची हाडं वाकतात याचं साहेबांना सोयरसुतक नव्हतं, वाक्य बाहेर गेलं याचाच संताप होता. वरून फोन आला आणि मी मुकाट्यानं गुन्हा दाखल केला.

तिसऱ्या दिवशी खबर लागली. फाट्यावरच्या चहावाल्यानं हवालदाराला सांगितलं, ग्रंथालयाचा बाबू दर रविवारी पोडाकडे जातो. पंच घेऊन आम्ही तिथे पोचलो. पोडाचा म्होरक्या, म्हातारा नाईक, त्याच्या कणगीत फडक्यात बांधलेला अहवाल सापडला. मागे नकाशा, आणि चांगलं पाणी कुठे लागेल तिथे लाल खूण.

नाईक हात जोडून म्हणाला, "साहेब, मले न्या. कागद नका नेऊ. विहीर कुठी खणाची ते त्यातच हाये."

मी पंचनामा केला, लाखेचं सील मारलं आणि कागद मुद्देमाल म्हणून नेला.

ग्रंथालयाच्या बाबूला ठाण्यात आणून मी त्याच्यावर आवाज चढवला. काडीपहिलवान माणूस, पण तसूभर हलला नाही.

"चोरी काहून म्हणता साहेब? चार कपाटं भरून असे अहवाल हायेत. वरतं लिहिलं 'संकीर्ण'. छापले नाहीत म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून कोणी मागत नाही. तीन वर्षं बसून म्या एकेकाचं कार्ड लिहिलं, कोणता अहवाल कोणत्या गावाचा. मंग वाट पाह्यली, कोणी वाचाले येईन. कोणी नाही आलं. मंग मीच घेऊन गेलतो."

"परवानगी?"

"तीनदा मागतली. 'अप्रकाशित' म्हणे. अन् पोडातले लोक तर तेच पाणी पिऊन राह्यले!"

त्याची कार्डं जप्त करून चाळली, तेव्हा उलगडा झाला. त्या अहवालाच्या कार्डामागे नीट लिहिलं होतं: वाचक म्हणून नाईकाचं नाव, दिल्याची तारीख, परत करण्याची तारीख आणि नाईकाचा अंगठा. चोर असा अंगठा घेऊन ठेवत नाही. गुन्हा झालाच नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. तरी साहेबांनी त्या बाबूची बदली केलीच. कपाटांना पुन्हा कुलूप लागलं.

मुद्देमाल सोडायचा कोर्टाचा हुकूम यायला आठ महिने लागले. तोवर नकाशा माझ्याच मालखान्यात, माझ्याच सीलखाली. नाईक दोनदा ठाण्यावर येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला कायदा सांगितला. कोर्टाकडून नक्कल मागून देता आली असती, पण ते सुचलंच नाही. सील मारलेल्या कागदात काय लिहिलंय हे पोलीस वाचत नाहीत, मोजून ट्रंकेत टाकतात. केंद्राला परत देण्याआधी सील फोडलं, तेव्हा तो अहवाल मी पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि स्वतःची लाज वाटली. त्याच टेबलावर नकाशा उतरवून घेतला आणि स्वतः पोडावर नेऊन दिला.

पोडातल्या लोकांनी कोणाची वाट पाहिली नाही. सगळा पोड खणायला लागला आणि लाल खुणेच्या जागी पाणी लागलं.

माहिती चोरीला जाते त्यापेक्षा कुलपात सडते जास्त, आणि सडवणारे आपल्यासारखे हुशार नोकरदारच असतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो. साहेबांना मी आजही माफ केलेलं नाही. स्वतःला तरी कुठे केलंय?

पुढे एकदा तिकडून जाताना नाईकानं थांबवून नव्या विहिरीचं पाणी दिलं. त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

"प्या साहेब, गोड हाये," तो म्हणाला. "आठ महिने आधीच पेलो असतो."