रांगेतले मेश्रामदादा

अमेरिकेत, रेडमंडमध्ये कुणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की मेश्रामदादा जेवणाच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहायचे. मागून कुणी आलंच, तर त्याला पुढे घालायचे. "जा बापा तू. मला सवय आहे." त्यांच्या ताटात पुलावाची खरवड आणि रश्श्याचं तळ यायचं, आणि ते दोन्ही ते मन लावून खायचे. सगळे हसायचे, मीही हसायचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत अर्धं आयुष्य काढलेला माणूस हे बोलतो आहे, हे मला पुढे कळलं. त्यानंतर तेवढं हसू येईना.

दादा नागपूरचे, इंदोरा वस्तीतले. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. डोक्यावर केस नावापुरते, पण खिशात कंगवा कायम. मी एमएस संपवून नोकरीला लागले त्या हिवाळ्यात एकदा बसस्टॉपवर भिजत उभी होते, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. आडनाव, गाव, कंपनी काही विचारलं नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं. वहिनींनी त्या दिवशी गरम वरणभात वाढला आणि पुढे मी त्या घरची होऊन गेले. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला माझी वाटी वेगळी काढून ठेवलेली असायची.

कंपनीत लेऑफ झाले, मॅनेजर बदलले, माझी व्हिसाची मुदतवाढ अडकली, तरी दादांचं उत्तर ठरलेलं असे. "रांग सोडाची नाही. उभं राहाचं." मला त्याचा रागही यायचा. रांग पुढे सरकते आहे असं निदान वाटायला तरी हवं ना!

दर ऑक्टोबरला ते एका डोंगरी गावाला जायचे. कॅनडाच्या हद्दीला लागून, खूप उंचावर. गाव म्हणजे पेट्रोलपंपाला चिकटलेलं एक दुकान, एक चर्च आणि विखुरलेली लाकडी घरं. हिवाळ्यात रस्ताच बंद होतो. नवीन आलेल्या मुलांना ते हौसेने सोबत न्यायचे. मला डोंगर आवडत नाहीत, हे आधीच सांगते. वळणावळणाचा रस्ता लागला की मला मळमळतं आणि निसर्गसौंदर्य बघायला डोळे उघडे राहत नाहीत. तरी पहिल्या वर्षी दादांच्या आग्रहाला बळी पडले, आणि पुढे दर वर्षी जात राहिले.

वर पोचता पोचता माझा फोन वाजला. स्क्रीनवर मेसेज होता, कॅनडात आपलं स्वागत आहे. माझी मळमळ जागच्या जागी थांबली. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत कधीच संपलेली होती. नोकरीच्या कागदांवर इथे राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडलं की परत घेतील की नाही, देव जाणे. मी किंचाळले, "दादा, गाडी वळवा! आपण बॉर्डर क्रॉस केली!"

दादांना इतकं हसू आलं, की गाडी कडेला घ्यावी लागली. "काहून घाबरून राहिली? टॉवर त्यांचा आहे, डोंगर आपलाच आहे." मग डोळे पुसत त्यांनी कबूल केलं, की पहिल्या खेपेला हाच मेसेज बघून त्यांनी गाडी वळवली होती, आणि थेट खालच्या गावात जाऊन वकिलाला फोन लावला होता. वकील म्हणाला, तुम्ही हद्दीपलीकडे गेलाच नाहीत, आणि चुकून गेला असतात तरी बहुतेक चाललं असतं. दादांचा त्या 'बहुतेक'वर काडीचा विश्वास नव्हता.

दुकानदारीण डोना त्यांना 'मेश' म्हणायची. दादा तिच्यासाठी चिवडा न्यायचे आणि ती तो कॉफीबरोबर चमच्याने खायची. "स्टिल वेटिंग, मेश?" ती विचारायची. "स्टिल वेटिंग," दादा म्हणायचे. मग आम्ही दुकानामागच्या चढावरून वर जायचो. तिथे लार्चची झाडं पिवळी झालेली असायची आणि त्या जंगलातून, डोंगरावरून थेट पलीकडे, झाडं कापून काढलेली एक सरळ मोकळी पट्टी दिसायची. तीच हद्द. मधे एक छोटा पांढरा खांब. कुंपण नाही, शिपाई नाही. दादा त्याच्या अलीकडे दगडावर बसायचे.

"आई माझा भांग असाच पाडे," ते एकदा म्हणाले. "तेल चोपडून, एकदम सरळ. मग नळावर बादली देऊन उभा कराची नं गिरणीत कामाले जाची. म्हणे, काही झालं तरी रांग सोडाची नाही. एकदा सोडली मी, खेळाले गेलो. त्या दिवशी घरात प्याले पाणी नव्हतं. मारलं नाही तिनं. नुसती बसून राहिली."

म्हणून इथे येता का, असं मी विचारलं. "इथपर्यंत येता येते, म्हणून येतो," दादा म्हणाले.

तीच आई आता थकली होती. व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारायची, "नंबर आला का रे?" दादा बरीच वर्षं घरी गेले नव्हते. जायचं तर परतीच्या व्हिसाचा शिक्का तिकडे घ्यावा लागणार, त्याच्या तारखा मिळत नव्हत्या. तिकडेच अडकले तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर इथला मुक्कामही. लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष. "जस्ट गो, बाबा. वी विल मॅनेज," ती म्हणायची. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि विषय बदलायचे.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघेच त्या पट्टीपाशी होतो. दुपार कलली होती, नागपुरात पहाट. कॅनडाच्या टॉवरवरूनच दादांचा फोन वाजला. धाकट्या भावाने आईच्या तोंडासमोर फोन धरला होता. आई खाटेवर, उशीपेक्षाही लहान दिसत होती. आवाज नीट फुटेना, तरी प्रश्न तोच.

"नंबर आला का रे?"

दादा त्या पांढऱ्या खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौ आई. आला."

"मग ये," असं म्हणून तिने डोळे मिटले.

गाडीत बसल्यावर त्यांनी बराच वेळ किल्ली फिरवली नाही. मला वाटलं रडतील. तसं काही झालं नाही. ते फक्त फार दमलेले दिसले. "खोटं बोललो आईशी," ते म्हणाले. "आता खरं करा लागते."

त्याच आठवड्यात ते आईकडे गेले. व्हिसाची तारीख मिळाली, ती पुढे ढकलली गेली, पुन्हा पुढे गेली. कंपनीने काही महिने वाट पाहिली आणि मग हात जोडले. लेक इथेच कॉलेजात गेली, वहिनी सामान आवरून नागपूरला. इतक्या वर्षांची रांग दादांनी अशी सोडली, आणि मागच्या माणसाला ते कळलंही नसेल.

या ऑक्टोबरला मी एकटीच गेले. रस्ताभर मळमळलं. डोनाने "मेश कुठाय?" विचारलं. घरी गेला म्हटल्यावर तिने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. वर जाऊन मी त्यांच्या दगडावर बसले आणि कॅनडाच्या टॉवरवरून नागपूरला फोन लावला.

"जेवली का?" दादांनी पहिलं हेच विचारलं.

कधीपासून विचारायचं होतं, ते विचारून टाकलं. "दादा, पस्तावा होतो का?"

"लेकीची आठवण येते. रोज येते." मग ते म्हणाले, "आईजवळ बसाले भेटलं पोरी. आई गेली त्या दिवशी सकाळी कंगवा मागितला तिनं. डोक्यावर आहे काय माझ्या? पण पाडला तिनं भांग. एकदम सरळ."

समोर ती पट्टी डोंगर चढून पलीकडे उतरत होती.

"ठेवतो आता," दादा म्हणाले. "तुले रोमिंग लागून राहिलं असंल."

"लागू दे, दादा," मी म्हटलं. "बोला."