ओढ्यावर जायचा बेत

माझं वय तेव्हा बारा-तेराचं असेल. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहत होतो. अंमल निजामाचा, कचेरीतले कागद उर्दूत, आणि माझे वडील, म्हणजे आबा, तिथे कारकून. त्याआधी ते आंबेजोगाईच्या, म्हणजे आमच्या बोलीत आंब्याच्या, छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे लिहायच्या कामाला होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मासे धरायची आपली लांब, लवचिक काठी आबांना देऊन गेला. तिच्या गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची आणि ती वाहत्या पाण्यावर अलगद टाकायची. मासा फसून वर येतो. आबा वर्षातून एकदा बालाघाटाच्या डोंगरातल्या ओढ्यावर जात, पण एकटेच.

त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आबा भर दुपारी कचेरीतून घरी आले, हातपाय धुतले आणि मायला म्हणाले, "औंदा समदे मिळून जाऊ. ओढ्यावर मुक्काम, मग आंब्याला देवीचं दर्शन आन् तुझ्या बहिणीची भेट."

मायला आधी खरंच वाटेना. तिच्या बहिणीची भेट होऊन चार वर्षं झाली होती. आबांनी सारवलेल्या जमिनीवर कोळशाने वाट काढून दाखवली: पहिला मुक्काम कुठे, घाट कुठे, ओढा कुठे. मी आणि माझा धाकटा भाऊ त्या रेघेवर पालथे पडून बघत होतो.

माय म्हणाली, "पर आधी देवी. मासे खाऊन देवळात कसं जायचं?"

"आधी ओढा."

"कावून?"

"आधी ओढा म्हणलं ना!"

आबा तिच्यावर कधी आवाज चढवत नसत. माय त्यांच्याकडे बघत राहिली.

शेजारी शिंप्याचं घर होतं. त्यांची लेक माझ्याच वयाची. तिची बोटं फार हलकी. आबांनी लाल कोंबड्याच्या मानेची पिसं आणली, तिने घरातून रेशमाचे तुकडे आणले, आणि आम्ही दोघी ओसरीवर खांद्याला खांदा लावून माश्या बांधू लागलो. माझी माशी सुटून जायची. तिची मात्र अशी व्हायची की भाऊ फुंकर मारून ती उडते का बघायचा.

त्याच दिवसांत धान्याच्या कणगीमागे एक उंदीर मरून पडला. माय शेपटीला धरून उचलणार एवढ्यात आबा ओरडले, "हात लावू नको!" त्यांनी तो चिमट्याने उचलून परसात नेला आणि घासलेट ओतून जाळला. "मांजरानं मारला असंल," माय म्हणाली. आमच्या गल्लीत मांजर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन निघाले. आबांनी आम्हाला घरातही पायात वहाणा घालायला लावल्या आणि अंथरुणं उचलून अंगणात आणली.

मग सामानाची बांधाबांध सुरू झाली. आठ दिवसांच्या प्रवासाला आबांनी ज्वारीचं अख्खं पोतं काढलं. जातं काढलं. घरातली सगळी घोंगडी काढली.

"आठ दिसांला जातं कशाला?" मायने विचारलं.

"ऱ्हाऊ दे. लागतंय."

गाडी त्यांनी दुसऱ्या गावाहून बोलावली. निघायचा दिवस कुणाला सांगायचा नाही, असं आम्हाला बजावलं. मी मात्र शिंप्याच्या लेकीला सांगितलं, कारण तिच्यापासून मी काहीच लपवत नसे. ती सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, मी बी येऊ? मला मासा वर येताना बघायचाय."

आबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "गाडीत जागा न्हाई, पोरी."

"तिला कितीशी जागा लागती? दोघी एका घोंगड्यात निजतील," माय म्हणाली.

"न्हाई."

ती हसली, म्हणाली, "मग मासा आणा माझ्यासाठी," आणि उरलेल्या माश्या बांधायला बसली. त्या दिवशी तिचा हात सारखा चुकत होता. डोकं दुखतंय म्हणाली.

आम्ही बाजारच्या दिवशी, भर दुपारी निघालो. सगळी गल्ली बाजारात गेली होती. आम्हाला निरोप द्यायला एकही माणूस नव्हतं. गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा मी मागे बघितलं. गाडीत माझ्या शेजारी अजून एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा होती.

तिसऱ्या दिवशी ओढ्यावर पोचलो. दोन्ही बाजूंनी कातळ, मधून थंडगार पाणी, आणि मैलभर वस्ती नाही. आबांनी गाडीवानाला परत पाठवून दिलं. मायने विचारलं, "आन् आंब्याला कसं जायचं?" आबा झोपडीसाठी फांद्या तोडत राहिले.

त्यांनी मासे धरले. दोरी डोक्यावरून मागे जायची, पुढे यायची, आणि माशी पाण्याला नुसती टेकायची. एक रुपेरी मासा उसळून वर आला तेव्हा भाऊ टाळ्या पिटत नाचला. आबा हसले नाहीत. रोज सकाळी ते आम्हा दोघांना जवळ घेत, कपाळाला हात लावत आणि काखेत बोटं घालून चाचपत. भावाला गुदगुल्या व्हायच्या. मला त्या बोटांची भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या सकाळी मायने त्यांचा हात धरला. "बस झालं. काय हाय ते सांगा."

आबा खाली बसले. "गावात गाठीचा ताप आलाय. कचेरीत पंधरा दिसांपासून ठाव हाय. बोभाटा करू नका म्हणून वरून ताकीद होती."

"आन् शिंप्याकडं?"

"त्यांच्या घरात उंदीर आपल्या आधी पडले. म्या सोता बघितले."

मायने त्यांचा हात सोडला. मग म्हणाली, "पोरीला न्हाई आणलं, समजलं मला. माझीच लेकरं मी बी आधी बघितली असती. पर त्यांना सांगायचं तरी हुतं. घर सोडा, एवढंच सांगायचं हुतं."

आबा उठले. त्यांनी भाकरी बांधून घेतली आणि ते चालत गावाकडे निघाले.

सहाव्या दिवशी परत आले, ते ओढ्याच्या पलीकडेच थांबले. भाऊ पाण्यात धावला तसे ते ओरडले, "माघारी फीर!" पलीकडूनच त्यांनी सांगितलं. गल्ली रिकामी झाली होती, लोक शेतात पाचटाच्या झोपड्या घालून राहत होते. शिंप्याच्या लेकीला आम्ही निघालो त्याच रात्री ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. मग तिचा बापही गेला.

पुढचे दहा दिवस आबा पलीकडच्या काठावर एकटे राहिले. माय मधल्या खडकावर भाकरी ठेवून मागे सरायची, मग ते येऊन घ्यायचे. मी माझ्याच काखा चाचपत बसायचे. मी शिंप्याच्या लेकीच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, हे मला ठाऊक होतं, आणि आबांनाही ठाऊक होतं. आम्हाला कुणाला काही झालं नाही.

फाल्गुनात गावी परतलो. दुसऱ्याच दिवशी शिंपीण आली. तिचं कपाळ मोकळं होतं. ती आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. आबा माजघरात होते. तिने मायला विचारलं, "वयनी, निघताना तुमाला ठाव हुतं का?"

"न्हाई," माय म्हणाली. "तवा न्हाई ठाव हुतं."

ते खरंच होतं. मायला ठाऊक नव्हतं. शिंपिणीने "तुमाला" म्हणून आम्हा सगळ्यांना विचारलं होतं, आणि मायने एकटीपुरतं उत्तर दिलं. मग तिने शिंपिणीला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि जेवायला वाढलं. माजघरातून आबा बाहेर आले नाहीत. मी वाढायला मदत केली. शिंपीण माझ्याकडे बघत बघत जेवली. मी किती उंच झाले, असं ती म्हणाली.