सूंस पिल्लाला काय करत होती

ताई गेल्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका मुलीचा फोन आला. ही मुलगी ताईबरोबर चंबळमधल्या सूंसवर काम करत होती. सूंस म्हणजे नदीतली डॉल्फिन. तोंड लांब, डोळे जवळजवळ निकामी. श्वास घ्यायला वर आली की सूं असा आवाज होतो, म्हणून हे नाव, असं तिकडचे लोक सांगतात.

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं ठरवलं, सूंस शिकार कशी करते ते नदीकाठच्या लोकांना विचारायचं. पाण्याखालचे आवाज यंत्रं टिपतात, पण वर जे दिसतं ते पाहायला तिथं रोज कोण बसलेलं असतं, असं ती म्हणायची. बसलेली माणसं होतीच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"मावशी, रेकॉर्डिंग्ज एकदा ऐकून द्याल?" मुलगी म्हणाली. "मॅडमनी भाषांतर केलंय, पण मला तिकडची बोली नीट कळत नाही. पेपर पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं."

मी हो म्हटलं. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. शब्द निरखून पाहणं एवढंच मला येतं, आणि ताई त्यावरून मला चिडवायची. "तू पोळीसुद्धा धातू शोधत चावतेस," म्हणायची.

आम्ही दोघी बहिणी ग्वाल्हेरला, शिंदे की छावणी भागातल्या एका घरात वरच्या मजल्यावर राहायचो. आता मी राहते. दुपारी कानाला हेडफोन लावून मी ऐकायला बसे. ताईचा आवाज ऐकायची तयारी आपण करून ठेवली आहे, असा माझा समज होता. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ती खोकली आणि म्हणाली, "पानी मिलेगा, भैया?" मी ते बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पुढे ऐकलं. नंतर सवय झाली.

चंबळच्या त्या पट्ट्यात मासेमारीला बंदी आहे. त्यामुळे प्रत्येक माणूस सुरुवातीलाच सांगायचा, "हम तो नहीं पकड़ते थे, औरों को देखते थे." ताई म्हणायची, "हाँ हाँ, औरों की ही बताइए." मग औरों की गोष्ट चांगली तासभर चालायची. धार वाळूच्या टोकाला आपटून वळते तिथं सूंस थांबते. लहान मासे उथळाकडे रेटते. औरों का जाळंही मग तिथंच पडायचं. हे सगळं ताईनं नीट उतरवलं होतं. माझ्याकडून चारदोन शब्दांपलीकडे दुरुस्ती झाली नाही.

मग एका बाईंचं रेकॉर्डिंग आलं. बाई म्हाताऱ्या, नदीच्या वाळूत काकड्या-खरबुजं लावणाऱ्या. त्यांनी पिल्लासोबतची सूंस पाहिली होती. त्या म्हणाल्या, "मछरिया मुँह में दाबे थी, और बच्चा को खिलाय रही थी."

लगेच ताईचा आवाज, एकदम चढलेला: "अच्छा! खिलाय रही थी?"

"हाँ, और का."

ताईनं याचं भाषांतर 'भरवत होती' असं केलं होतं. आई पिल्लाला मासा भरवते, हे तिच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. पेपरचा एक अख्खा भाग त्यावर उभा होता. आजारपणातही ती त्याबद्दल बोलायची. "बाकी सगळं कुणी ना कुणी लिहिलंच असतं गं," ती म्हणाली होती, "पण हे माझं आहे." मीही बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची सून आपलं मूल घेऊन वर आली. "आंटी, ज़रा इसे खिला लो, मैं नहा के आती हूँ." मी मूल घेतलं, गच्चीवर नेलं, चिमण्या दाखवल्या, टाळ्या वाजवल्या. त्याला काही खायला द्यावं असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे मराठीतही असंच बोलतात. पाहुणे आले की आई म्हणायची, "जा, बाळाला थोडं खिलव." ग्वाल्हेरबाहेरच्या नातेवाइकांना ते ऐकून वाटायचं, बाळ उपाशी आहे.

मूल माझा चष्मा ओढत होतं तेव्हा तो शब्द मला पुन्हा ऐकू आला. खिलाना म्हणजे भरवणं. खिलाना म्हणजे खेळवणंही.

मी मुलीला फोन केला. खिलानाचे दोन्ही अर्थ सांगितले.

"मावशी, तुमच्या ग्वाल्हेरच्या मराठीनं आमचा पेपर खाल्ला," ती म्हणाली. मग हसली, पण ते फार टिकलं नाही. "मॅडमना हे माहीत नव्हतं का? त्याही तिथल्याच ना."

"माहीत होतं. घरात ती रोज ऐकत होती."

"मग दोन्ही अर्थ तपासूनच त्यांनी 'भरवत' लिहिलं असेल."

"असेल," मी म्हटलं. "किंवा तिला तेच ऐकायचं असेल."

हे बोलायला नको होतं असं वाटलं, पण ते खोटं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी टॅक्सी करून नदीवर गेले. रेकॉर्डिंगमधल्या बाई वेलांना पाणी घालत होत्या. मी कुणाची बहीण ते सांगितलं. त्यांनी माझ्यामागे पाहिलं.

"वो नहीं आईं?"

"वो नहीं रहीं."

बाईंनी डबा खाली ठेवला. म्हणाल्या, "वो तो बहुत बोलती थीं. तुम तो कछु बोलती ही नहीं." मग मला वाळूवर बसायला गोणपाट दिलं.

मी विचारलं, सूंस पिल्लाला खिलाय रही थी म्हणजे नेमकं काय करत होती. खाना, की खेल?

बाई हसायला लागल्या. "ए लो! तुमने कभी बच्चा नहीं खिलाया?"

"पड़ोसी का खिलाया है."

"तो फिर." त्यांनी एक कोवळी काकडी तोडून हातात धरली. सूंसनं मासा तोंडात धरला. सोडला. मासा अर्धमेला, वेडावाकडा पळाला, पिल्लू मागे. पिल्लाकडून तो सुटला. आईनं पुन्हा धरून आणला, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी काकडी त्यांच्या हातून वाळूत पडत होती.

"आख़िर में बच्चे ने खाई?"

"अब पानी के भीतर की हम का जानें?" त्या म्हणाल्या. काकडी पदराला पुसून त्यांनी मला दिली. "खाई ही होगी. महतारी बच्चा को भूखा थोड़े ही रखेगी." महतारी म्हणजे आई.

"मेरी बहन को आपने ये बताया था? कि छोड़ती थी, फिर पकड़ती थी?"

"उन्ने पूछी नहीं," बाई म्हणाल्या. "ख़ुस हो गई थीं. फिर चाय बन गई."

परतताना मी ते 'खाई ही होगी' मनात घोळवत होते. ते वाक्य पुरलं असतं. काठावरच्या बाईच सांगत होत्या की खाल्ला असेल. ताईचं भाषांतर राहिलं असतं, तो भाग राहिला असता, आणि मीही विचारून आले होते, त्यामुळे कुणी पुन्हा विचारलं नसतं. पण बाईंनी पाहिलेलं एक होतं आणि आईबद्दलचा त्यांचा समज दुसरं. ताई आयुष्यभर मुलांना हाच फरक शिकवत होती. तिच्या नावाखाली मी तो मिटवणार नव्हते.

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या भागात काही उरतच नाही, मावशी. दोन ओळी उरतात."

"दोन ओळी ठेव."

"खेळवत होती म्हणजे शिकार शिकवत होती, असं तरी लिहूया? तेही नवीनच आहे."

"शिकवत होती हे कुणी पाहिलं?"

ती त्रासून म्हणाली, "आता तुम्ही अगदी मॅडमसारखं बोलताय." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी उन्हाळ्यात तिथं जाऊन बसते. पिल्लं दिसतात तेव्हा. आणि खरंच भरवताना दिसली तर?"

"तर ते लिही. ताईचं म्हणून लिही."

"आणि नाही दिसली तर?"

"तर दोन ओळी."

तिनं पाठवलेली फाइल मी संध्याकाळी उघडली. ताईचे शब्द पुसले. त्या जागी बाईंनी दाखवलं तेवढंच लिहिलं: मादीनं मासा धरला, सोडला, पिल्लू मागे गेलं, मादीनं तो पुन्हा धरला. पिल्लानं तो खाल्ला की नाही, हे पाहणाऱ्या बाईंना दिसलं नाही. वाक्य पुन्हा वाचलं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं, आणि ताईचंही काही नव्हतं. फाइल परत पाठवली.