जनार्दनदादांचा हॉल

केबिन रोडवरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला... जनार्दनदादा गेले. भाजीवाला विचारत होता, "मॅडम, लेना है की नहीं?" मी जुडी परत ठेवली. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी एकच विचार आला. दादांची शोकसभा आता कुठे होणार?

भाईंदर पूर्वेच्या जुन्या गावातला समाजाचा हॉल म्हणजे दादा. मिठागरं चालू होती तेव्हा गावकऱ्यांनी तो स्वतः राबून बांधला, तरण्या दादांनी विटा वाहिल्या, आणि किल्ली त्यांच्याकडेच राहिली. एक नियम त्यांनी कधी मोडू दिला नाही. कुणाकडे मयत झालं की हॉल आधी त्यांना. साखरपुडा असो की हळद, पुढे ढकलायची. आम्ही गिरगावातून इथे आलो त्याच वर्षी माझे सासरे गेले. दोन खोल्यांत माणसं मावेनात. ओळख ना पाळख, दादा दारात हजर. "माणसं जिन्यात का उभी केली बाय? हॉल हाय ना." मी म्हटलं, आम्ही बाहेरचे. "ऱ्हायला आलाव ना? मंग गावचेच."

पुढे मी हॉल कमिटीची सेक्रेटरी झाले. बँकेतली बाई, कागद वाचेल, म्हणून. हॉल पडायला आला होता, एक बिल्डर नवा बांधून द्यायला तयार झाला, बदल्यात काही वर्षं तो भाड्याने चालवणार तोच. सह्यांच्या दिवशी सगळे उतावीळ, दादा तेवढे अडून बसले. "नव्या हॉलात मयताचं बसनं चालंल ना? तसं लिवलंय का?" मला घरी जायची घाई. "असणारच हो दादा, मी बघितलंय सगळं." बघितलं होतं ते फक्त हॉलचं माप. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

नवा हॉल झकास झाला. एसी, झुंबरं, आणि दारावर पाटी: शोकसभा व उत्तरकार्यासाठी हॉल मिळणार नाही. करारातच होतं ते, माझ्या सहीच्या दोन ओळी वर. तेव्हापासून दादा लांबून दिसले की मी गल्ली बदलायचे. अगदी समोरासमोर आलोच तर ते विचारायचे, "बरी हाय ना बाय?" आणि पुढे जायचे. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शोकसभा त्यांच्या घरीच झाली. पुढची खोली पूर्ण रिकामी, ना सोफा ना टीव्ही, कोपऱ्यात जुन्या हॉलच्या सतरंज्यांची चळत. मला वाटलं, आजच्यापुरतं सामान हलवलंय.

"नाही हो काकू," त्यांची सून म्हणाली, "दोन वर्षं अशीच आहे. नवीन हॉलवाले ज्यांना परत पाठवतात ते इथे बसतात. मागच्याच महिन्यात पूनम सागर कॉम्प्लेक्समधलं एक गुजराती कुटुंब आलं होतं. बाबांनी स्वतः चहा दिला त्यांना."

"मग करारावरून मला कधी का नाही बोलले ते?"

ती सतरंजी सारखी करत म्हणाली, "कराराचं कुणी काढलं की बाबा म्हणायचे, चूक माझी, मीच नीट वाचलं न्हाय. बायचं नाव घेऊ नका."

दादांना अक्षरं यायची ती फक्त सहीपुरती.

परवा पुन्हा त्या खोलीत जाऊन बसले. सतरंजी मीच पसरली. पुढच्या आठवड्यात कमिटीची सभा आहे. कलम बदलेल की नाही, देव जाणे. बिल्डर सहजासहजी ऐकायचा नाही. पण दादांनी जे झाकून ठेवलं, ते मला आता झाकवत नाही, म्हणून सभेच्या आधी इथे सगळ्यांसमोर लिहून टाकतेय... करार मी वाचला नव्हता.