भाऊजींचं खाली उतरणं थांबलं

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी, सांडपाणी केंद्रात कामाला. घरी आले की थेट न्हाणीघरात. भाची बिलगायला धावली की दोन्ही हात वर करायचे. "थांब गं, अजून मी माणसांत आलो नाही!"

केंद्रात सगळ्या शहराचं पाणी एका उघड्या सिमेंटच्या पाटातून यायचं. ते किती चढलंय ते बघून पंप कमी-जास्त करायचे. पातळी मोजणारा सेन्सर पाण्यातच बुडालेला. त्याला केस, चिंध्या गुंडाळल्या की तो काहीच्या बाही आकडे दाखवायचा. मग भाऊजी शिडीने खाली उतरून तो हाताने साफ करायचे.

एका सकाळी त्यांचा पाय सटकला. छातीभर पाण्यात पडले. पंपवाल्याने दोर टाकला म्हणून वाचले, पण पुढे न्यूमोनियाने अंथरूण धरलं. ताईचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं आणि भाऊजी मुकाट्याने खायचे.

बरे होऊन कामावर गेले, तर इंजिनिअर बाई पाटावर लोखंडी दांडा बसवून घेत होत्या. दांड्याच्या टोकाला, पाण्याच्या बरंच वर, एक छोटा डबा.

"हा रडार सेन्सर," बाई म्हणाल्या. "लहरी खाली सोडतो. त्या पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पातळी कळते."

"पाण्याला हात न लावता?"

"वाफ असो, फेस असो, वरूनच. तुम्ही पडल्याचं कळलं आणि मी साहेबांच्या डोक्यावरच बसले. घेतल्याशिवाय उठले नाही."

भाऊजींनी मान वर करून त्या डब्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी जेवायला या."

बाई आल्या. जेवताना त्यांनी विचारलं, "आजवर किती वेळा उतरला असाल हो खाली?"

"मोजलं असतं तर नोकरीच सोडली असती!"

पंपवाल्यालाही बोलावलं होतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. भाची बापाला खेटून बसली होती, त्यांच्याच ताटातलं खात होती. ताईने मात्र आभाराचा एक शब्द काढला नाही. बाई "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरत होत्या, आणि ताई तो हात हळूच बाजूला सारून वाढत होती.