नळाजवळची प्रश्नपेटी

"पेटी परत ऑफिसबाहेर लावा," मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. पेटी तेव्हा चिठ्ठ्यांनी गच्च भरली होती. माझं दुखणं तेच होतं.

मी सरकारी दवाखान्यातली काउन्सेलर. शाळांमध्ये जायचं, पाळी, गर्भधारणा, गुप्तरोग, नाही म्हणायचा हक्क, सगळं न लाजता समजावायचं. २०१६ साली तलासरीकडच्या एका आश्रमशाळेतल्या नववीच्या मुली माझ्याकडे होत्या. जिला तोंडाने विचारायची लाज वाटते, तिने नाव न घालता ऑफिसबाहेरच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. तीन महिन्यांत दोन चिठ्ठ्या निघाल्या आणि एक चॉकलेटचा कागद.

मग वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सोमी मावशीने पेटी उचलून ताटं धुवायच्या नळाजवळ टांगली. पंधरा दिवसांत पेटी भरली. मुख्याध्यापक म्हणाले, मावशीकडून शिका जरा. माझा नुसता जळफळाट झाला. चार्ट माझे, घसा माझा, पुण्याला जाऊन ट्रेनिंग घेतलं मी, आणि कौतुक डाळ ढवळणारीचं!

"मुली तुझ्यासमोर कशा टाकतात गं चिठ्ठ्या?" मी घुश्शातच विचारलं.

"मला वाचता येत नाही ना, बाय. ऑफिसबाहेर शिपाई बसतो, त्याला येतं."

तरी मी हट्ट सोडला नाही. हलवण्याआधी पेटी रिकामी करायला बसले. एका चिठ्ठीत होतं: 'महिना झाला, रक्त थांबत नाही. चक्कर येते. मॅडम, मागच्यासारखं फळ्यावर लिहू नका. मावशीला सांगा.'

आधीच्या दोन्ही चिठ्ठ्यांतले प्रश्न मी फळ्यावर लिहून उत्तरं दिली होती. नाव नव्हतं, तरी अख्ख्या वर्गाने मुली ओळखल्या होत्या. मला मात्र त्या सेशनचा केवढा अभिमान!

मावशीला चिठ्ठी वाचून दाखवली. तिने झारा खाली ठेवला.

"कोण ते मला ठाऊक आहे. तू नाव विचारू नको. मी तिला घेऊन येते."

तासाभरात आम्ही तिघी जीपने दवाखान्यात पोचलो. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, फक्त पाच. बाराच्या आसपास हवं. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर कठीण होतं. बेड मी मिळवला, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ मी केली. पोरीने डोळे उघडले आणि मला विचारलं, "मावशी कुठे गेली?"

चहा आणायला गेली होती. पुन्हा पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

मुलगी बरी झाली, पुढे दहावी पास झाली. पेटी नळाजवळच राहिली. फळ्यावर मी परत कुणाचा प्रश्न लिहिला नाही. पेटी कशी बनवायची ते ट्रेनिंगमध्ये शिकवतात. टांगायची कुठे, ते स्वयंपाकिणीला विचारावं.