डेन्मार्कच्या पोरीचा पीपी नंबर

आमच्या घरी फोन आला तेव्हा मला लग्न होऊन परभणीत येऊन दोन वर्षं झाली होती. घरात मान कुणाला जास्त, मला की फोनला, याबद्दल मला कधी शंका आली नाही. फोनला बैठकीत खिडकीजवळ स्वतंत्र तिवई होती आणि अंगावर सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. डायलला चिमुकलं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. म्हणायची म्हणजे मनात. मामंजींसमोर बोलायची पद्धतच नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होते, पण ते इंग्रजी लग्नातल्या शालूसारखं घडी घालून ठेवलेलं होतं. फोन सुनेनं उचलायचा नाही हा तर शिरस्ताच होता.

मामंजी कोर्टातून नाझर म्हणून रिटायर झालेले. समन्स बजावणाऱ्या बेलिफांवर ज्याचा हुकूम चालतो तो नाझर. नोकरी संपली तरी हुकूम संपला नव्हता, फक्त बेलिफ म्हणून आता आम्ही होतो.

गल्लीत फोन एकच, म्हणून तो सगळ्या गल्लीचा. लोक लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर आमचा नंबर छापत आणि पुढे लिहीत ‘पीपी’. फोन एकाच्या घरात, नंबर सगळ्यांच्या तोंडात, एवढाच त्या दोन अक्षरांचा अर्थ. निरोप आला की माझे यजमान सायकल काढून ज्याला त्याला बोलावून आणत. चहा मी करायची.

अशात एका हिवाळ्यात डेन्मार्कची एक पोरगी गल्लीत राहायला आली. चार घरं सोडून एका प्राध्यापकांची माडी तिनं भाड्यानं घेतली होती. पेडगावच्या बायका ज्वारीचं बी कसं राखतात, हे बघायला ती इतक्या लांबून आली होती. गल्लीला हे काही पटलं नाही. बी राखायचं म्हणजे चांगलं कणीस बाजूला ठेवायचं, त्यात बघायचं काय? पण पोरगी गुणी होती. शनिवारी सकाळच्या एसटीनं पेडगावला जायची, रविवारी दुपारी परत यायची, आणि मधल्या दिवसांत वहीत मान घालून बसायची. ज्वारी निघते तेव्हा बायका कणसं निवडतात, तेच तिला बघायचं होतं. म्हणजे काढणीपर्यंत राहिली तरच तिचं काम, नाहीतर सगळं वाया.

आणि राहायला तिला फोन हवा होता. तिची आई त्याच वर्षी गेली होती. वडील सुतारकाम करून थकलेले, घरात एकटे. निघताना त्यांनी तिला एकच अट घातली होती: दर रविवारी मी फोन करीन, तुझी खबर मिळाली पाहिजे. एका रविवारी जरी मिळाली नाही, तर सामान बांधून परत यायचं. तिनं कबूल केलं होतं. परभणी तिला कुठे माहीत होती?

पहिल्याच आठवड्यात ती फोनचा अर्ज घेऊन टेलिफोनच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं रेशनकार्ड मागितलं. तिनं पासपोर्ट दिला. त्यानं तो आदरानं चाळला, शिक्के पाहिले, परत दिला आणि म्हणाला, “हे बी जपून ठेवा. पण रेशनकार्ड?” मग ती तहसिलीत गेली. तिथे कळलं की रेशनकार्ड मिळेल, का नाही मिळणार, फक्त आधी वडिलांच्या कार्डावरनं नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागेल. डेन्मार्कला रेशनचं दुकान नसतं हे तिनं सांगून पाहिलं. साहेबांना तिची फार कीव आली. “मग साखर कुठून आणता हो?” त्यांनी विचारलं. पण दाखल्याची अट काही सुटली नाही.

ती पुन्हा टेलिफोनच्या कचेरीत आली तेव्हा रडवेली झाली होती. कारकून मनानं चांगला होता. “बाई, नाव लावून ठेवा,” तो म्हणाला. “तुमच्या लेकीच्या कामाला येईल. तवर पीपी का करून घेत न्हाई?”

असं ते प्रकरण मामंजींसमोर आलं. मामंजींनी तोंडी विनंती कधी ऐकली नाही. त्यांनी तिला दरख्वास्त लिहून आणायला सांगितली, दोनदा दुरुस्त करायला लावली, आणि अर्जावर हिरव्या शाईनं ‘मंजूर’ लिहिलं. हिरवी शाई साहेबांची असते, नाझराची नसते. उभ्या जन्मात त्यांना ती वापरायला मिळाली नव्हती, ती हौस त्या बिचारीच्या कागदावर फिटली.

मग रविवारचा एक ठरावीक खेळ सुरू झाला. कॉल दिवेलागणीनंतर कधीही यायचा, सातला तर सातला, नऊला तर नऊला. पोरगी पाचपासूनच आमच्याकडे येऊन बसायची. आत्याबाई तिला ‘बस’ म्हणायच्या आणि दुसरं वाक्य ‘जेव’ असायचं. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर तेलातली चटणी. खाऊन झालं की पोरगी माडीवर जायची आणि नेमका तेवढ्यात फोन वाजायचा. ऑपरेटर म्हणायचा, “परदेशचा कॉल हाय, बोला.” मामंजी घसा साफ करून “होल्ड ऑन प्लीज” म्हणायचे आणि यजमान सायकलवर टांग मारायचे.

आता पोरगी येईपर्यंत तो माणूस पलीकडे गप्प उभा. हे आत्याबाईंना बघवेना. दारात आलेल्याला कुणी मुकाट्यानं उभं ठेवतं का? पहिल्याच रविवारी त्यांनी मामंजींच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि डेन्मार्कशी मराठीत बोलायला सुरुवात केली.

“यायलीय बरं का पोरगी. आत्ताच जेवली. दोन भाकरी खाल्ल्या. हां, जेवली, जेवली.”

तिकडून काहीतरी उत्तर यायचं. त्यावर आत्याबाई मान डोलवायच्या आणि हवापाण्याचं सांगायच्या. मामंजी कपाळाला हात लावायचे. “अगं, त्या माणसाला मराठी येतं का?” “न येईना,” आत्याबाई म्हणायच्या. “बापाला कळतंय.” मी दाराआड पदर तोंडावर धरून हसायची. दर रविवारी हेच, आणि मला ते आठवड्याचं सगळ्यात आवडतं काम वाटायचं.

मग तो रविवार आला. त्या वर्षांत नामांतराच्या प्रश्नावरून आमच्याकडे कधीही बंद पुकारला जायचा. त्या बंदांनी वस्त्यांवरल्या लोकांचं काय काय नेलं, ते हसत लिहिण्यासारखं नाही, आणि मी लिहिणारही नाही. त्या रविवारी एवढंच झालं की एसट्या डेपोतून निघाल्याच नाहीत आणि आमची पोरगी पेडगावात अडकली. पेडगावला फोन नव्हता. ती कशी आहे, कुठे आहे, कळायला काही मार्ग नव्हता. आत्याबाईंनी तिच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली होती.

सव्वासातला फोन वाजला. मामंजींनी घेतला. त्यांना वाटलं, आज जबाबदारीचा दिवस आहे, आज इंग्रजी नीट झालं पाहिजे. त्यांना येणारं नीट इंग्रजी एकच होतं: समन्स न बजावता परत आलं की त्यावर बेलिफ जो शेरा मारतो ते. आयुष्यभर त्यांनी तेच वाचलं होतं. ते ताठ उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “पार्टी नॉट फाउंड ॲट गिव्हन ॲड्रेस. व्हेअरअबाउट्स नॉट नोन.”

पलीकडून जो ‘व्हॉट?’ आला तो मला दाराआडही ऐकू आला.

मामंजी गांगरले आणि त्यांनी शेरा पुन्हा म्हणून दाखवला, जरा मोठ्यानं. मला सगळं कळत होतं. ती खेड्यात अडकलीय, गाड्या बंद आहेत, घाबरू नका, इतकी तीन वाक्यं माझ्या जिभेवर होती आणि मी चौकट धरून उभी होते. सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषाशी, इंग्रजीत! आत्याबाईंनी रिसीव्हर घेतला, कानाला लावला, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. नुसत्या श्वास टाकत उभ्या राहिल्या. मग लाइन कटली. त्या रात्री मला स्वतःचा इतका राग आला की भाकरी करपल्या आणि कुणी मला बोललंही नाही.

सोमवारी दुपारी पोरगी सुखरूप आली. तिला हुरडा खाऊ घालून पेडगावच्या बायकांनी लेकीसारखं ठेवून घेतलं होतं. रुमालात आमच्यासाठीही हुरडा बांधून आणलेला. काय झालं ते तिला कळलं तेव्हा ती तशीच तार-ऑफिसला धावली. रात्रीपर्यंत बसून लाइन मिळाली नाही, म्हणून ‘मी ठीक आहे’ अशी तार केली. बुधवारी उलट तार आली: ठरलं होतं ते ठरलं होतं, परत ये, रविवारी फोनवर विमानाची वेळ सांगतो.

काढणीला तीन आठवडे होते. पोरीनं एका शब्दानं मामंजींना दोष दिला नाही. तिनं ट्रंक भरली, वह्यांना दोरी बांधली. मामंजी चार दिवस फोनकडे पाठ करून बसले. एकदा मला ऐकू येईल असं, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, “सही इंग्रजी होतं ते. ग्रामरची एक गलती नव्हती.”

पुढच्या रविवारी ती ट्रंक घेऊनच आमच्याकडे आली. सात वाजता फोन आला. ती तिच्या भाषेत बोलत राहिली, मग भांडत राहिली, मग रडायला लागली. शेवटी तिनं रिसीव्हर पुढे केला. “त्यांना घरातल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचंय,” ती मला इंग्रजीत म्हणाली. “मी काय, मला राहायचंय म्हणून काहीही सांगेन, असं म्हणतात.”

मामंजी सवयीनं उठले. आत्याबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. अख्ख्या संसारात मी तेवढं एकदाच पाहिलं.

“तुमी राहू द्या. तुमी बोललात तेवढं लय झालं.” आणि दाराकडे वळून म्हणाल्या, “ये गं. तू बोल.”

मी मामंजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. परवानगीची दरख्वास्त त्या दिवशी त्यांनी शाईविनाच मंजूर केली, असं मी धरून चालले.

माझं इंग्रजी पुस्तकी होतं. नशिबानं त्या सुताराचंही मोडकंच होतं. मी म्हटलं, मी या घरची सून. मला वाटलं तो विचारील बंद काय होता, गाव कुठे आहे, पोलीस कुठे होते. त्यानं भलतंच विचारलं.

“ती बाई, जी आधी बोलते. ती दर रविवारी एक शब्द म्हणते. दोन-तीनदा म्हणते. तो काय आहे?”

“जेवली,” मी म्हटलं. “म्हणजे, तुमची मुलगी जेवली आहे.”

“मागच्या रविवारी ती तो शब्द बोलली नाही. त्या गृहस्थांचं मला काही कळलं नाही. पण तो शब्द आला नाही, तेव्हा मी घाबरलो. का बोलली नाही?”

मी आत्याबाईंना विचारलं. त्या माझ्यावरच चिडल्या. “मला ठाव न्हवतं ना, ती जेवली का उपाशी हाय! बापाला खोटं कसं सांगू?”

मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. लाइन गेली वाटून मी दोनदा ‘हॅलो’ केलं. मग तो म्हणाला, “तर मग राहू दे तिला पीक निघेपर्यंत. पण दर रविवारी त्या बाईंनीच मला सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगायचं.”

मी हे खोलीत सांगितलं. पोरगी ट्रंकेवरच बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मामंजी चष्मा पुसत होते, काच कोरडी असताना. मी रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

“त्यांना इचार, तुमी जेवलात का.”

मला संकोच वाटला, पण विचारलं. आमच्याकडे दिवे लागले होते, त्यांच्याकडे दुपारचे अडीच वाजून गेले असतील.

“नाही,” तो म्हणाला. “रविवारी मी फोनजवळ बसून असतो.”

आत्याबाईंना माझ्या तोंडावरून उत्तर कळलं. “मग ठेवा म्हणावं फोन,” त्या म्हणाल्या, “आणि आधी जेवून घ्या.”

मी ते सांगितलं. मोठ्यानं, मामंजींसमोर, डोक्यावरचा पदर कधी खाली आला ते मला कळलंही नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी कॉल लवकर आला. ऑपरेटर ‘बोला’ म्हणाला, पण मामंजींनी घसा साफ केला नाही, रिसीव्हर सरळ आत्याबाईंच्या हातात दिला. त्या ‘जेवली’ म्हणायला तोंड उघडणार, तर पलीकडचा म्हातारा आधी बोलला. पोरीनं तार करून शिकवलं असेल, नाहीतर आणखी कुठून. जड, घोगऱ्या आवाजात, एकेक अक्षर ठोकून बसवल्यासारखं तो म्हणाला, “जेवलो.”